तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम कुठं? (बेळगाव-खानापूर परिसर)

चव्हाट_गल्लीकर (धागाकर्ता)
३ जून, रात्री ९:४०

मंडळी, हा विषय इथं काढावा की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझा आत्येभाऊ, मी त्याला दादाच म्हणतो, गेल्या महिन्यात सजा संपवून घरी आला. खानापूर तालुक्यातलं गाव. बांधावरनं मारामारी झाली, समोरचा माणूस दवाखान्यात दगावला. कलम ३०४ चा दुसरा भाग, म्हणजे खून नाही, सदोष मनुष्यवध. सात वर्षं. माफी धरून साडेपाचात सुटला. तुरुंग कुठला, गाव कुठलं, ते लिहीत नाही. कृपा करून विचारूही नका.

वय ४१, शिक्षण आठवी. आत सुतारकाम शिकला. कोर्टकचेऱ्यांत असतात तसली बाकं, टेबलं, कपाटं. हात चांगला आहे, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. आमच्या देवघराचा मोडका चौरंग त्यानं एका सकाळी बसवून दिला, खिळा न मारता, नुसता सांध्यावर.

शहरात एका फर्निचरवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं हात बघितला, खूश झाला. मग सहज विचारलं, "इतकी वर्षं कुठं होता?" दादा म्हणाला, मुंबईला. "मुंबईत कुठं?" दादा गप्प. तिथंच संपलं. घरी येताना गाडीवर मागं बसून एकच बोलला, "तू तरी एखादं नाव सांगून ठेवायचंस की रे, दादर-बिदर."

कुठं काम मिळेल, अजून काही शिकायचं तर कुठं, आणि मुख्य म्हणजे सांगायचं की लपवायचं? अनुभव असेल त्यानंच लिहा. उपदेश घरात भरपूर झालाय.

---

उद्यमबागी
३ जून, रात्री १०:२५

लपवू नका. वीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात काढलीत, माणसं घेण्याचं काम माझ्याकडं असतं. लपवलेलं तीन महिन्यांत बाहेर पडतंच. गावातलाच कोणीतरी शेजारच्या शेडमध्ये कामाला असतो. मग राग येतो तो सजेचा नाही, फसवल्याचा.

आमच्याकडं असे दोघं आहेत. एक फेटलिंगला (ओतलेला माल साफ करायला), एक कोअर शॉपला (साच्यात बसणारे गाभे करतात तिथं). फेटलिंगला माणूस कायम कमी. कास्टिंगचे रायझर, म्हणजे ओतताना राहिलेले जादा तुकडे तोडायचे, ग्राइंडर धरायचा, दिवसभर धूळ आणि आवाज. नव्या पोरांना नको असतं. म्हणून तिथं दार उघडं असतं, हे खरं सांगतो. मोठं मन-बिन काही नाही.

एक गोष्ट सांगतो, कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. फेटलिंगवाल्याला सुरुवातीला दुसरी पाळी दिली, तीन ते अकरा. कामाला वाघ, पण सहा वाजले की माणूस बिथरायचा. दोनदा ग्राइंडर चालू ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, दारू. शेवटी त्यानंच सांगितलं, आत सहाला बरॅक बंद व्हायची, मोजणी व्हायची, इतक्या वर्षांत त्या वेळी तो कधी उघड्यावर नव्हता. जनरल शिफ्ट दिली. चार महिन्यांनी स्वतःच म्हणाला, आता घाला सेकंडला. तुमच्या दादाला पहिलं काम दिवसाचंच बघा.

---

टिळकवाडी_टाइमपास
३ जून, रात्री १०:५१

वॉचमनचं काम सोपं. कुठल्याही एजन्सीत जा, दुसऱ्या दिवशी गणवेश.

---

कोर्ट_आवारातून
४ जून, सकाळी ७:१५

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. खाजगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा आहे. कोर्टात दोषी ठरलेल्याला त्याखाली गार्ड म्हणून ठेवता येत नाही. एजन्सीनं पडताळणी न करता ठेवला, तर पुढं तोच अडकतो. गंमत म्हणजे सुटून आलेल्या माणसाला नातेवाईक पहिलं हेच काम सुचवतात.

बाकी खाजगी कारखानदारानं, दुकानदारानं सजा भोगलेल्या माणसाला घेऊ नये, असा सरसकट कायदा नाही. तो पडताळणी मागू शकतो, नाही म्हणू शकतो, घेऊही शकतो. सरकारी नोकरीच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना असतो. तिथं खोटं लिहू नये. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टानं हे बरंच सविस्तर सांगितलंय. दडवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं, आणि खरं सांगितलं तर मालकानं गुन्ह्याचं स्वरूप बघून ठरवायचं. दादांचा तो प्रश्न नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाचा असेल.

आणखी एक, ज्यांची केस अजून चालू आहे त्यांच्यासाठी. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला कोर्ट सजेऐवजी १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली सोडू शकतं. तसं सोडलं तर दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता कलम १२ प्रमाणं लागत नाही. पुढं नोकरीच्या वेळी याचा केवढा फरक पडतो! पण वकीलही मागायला विसरतात. (आमचीच जात, म्हणून बोलतोय.)

दादांनी सुटकेचा कागद, म्हणजे किती दिवस आत होते आणि कधी सुटले तो दाखला, जपून ठेवावा. चार झेरॉक्स काढून एक प्लास्टिकमध्ये. खानापूरचा पाऊस सुरू होईल आता.

---

नाव_नको
४ जून, दुपारी १:०५

मी स्वतः आत होतो. दोन वर्षं दहा महिने, कच्चा कैदी, म्हणजे खटला चालू असलेला. निर्दोष सुटलो.

तुमचे दादा पक्के, म्हणजे सजा झालेले होते म्हणून त्यांना काम मिळालं, हत्यार हातात आलं, मजुरी जमली. कच्च्याला काय? तारखेची वाट बघायची. काही ठिकाणी वाचनालय असतं, लिहायला-वाचायला शिकवतात, ते मी केलं. पण वर्कशॉप खरं म्हणजे पक्क्यांसाठी. कच्चा आज आहे, उद्या जामिनावर गेला, त्याला कोण शिकवत बसणार? देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणं पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतली ७५.८ टक्के कच्ची. चारांतली तीन. प्रशिक्षणाच्या बातम्या येतात त्या चौथ्याच्या.

मी आत जाताना एका गॅरेजात मेकॅनिक होतो. बाहेर आलो तर गाड्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) झालेल्या, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन. मला कार्ब्युरेटर डोळे झाकून येत होता. निर्दोष असल्याचा निकाल खिशात घेऊन पंचवीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली पाने पुसत बसलो सहा महिने. त्या पोरानं मला स्कॅनर शिकवला. त्याचे उपकार आहेत.

आता नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल सजेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही. घरचं कोणी आत असेल तर वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तरी विचारा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे. विधी सेवेचा फोन १५१००.

---

मच्छे_रोड
४ जून, दुपारी २:३०

इथं आयटीआय झालेली पोरं शिनोळीच्या कारखान्यांत बारा-पंधरा हजारांवर जाताहेत. गुन्हा न करणाऱ्याला कोण फुकट शिकवतं का? आधी त्यांचं बघा.

---

मागवाला_वडगाव
४ जून, दुपारी ३:१२

पोरं शिनोळीला जातात तर माझ्या मागावर माणूस का मिळत नाही, ते पण सांगा की. दोन माग बंद आहेत. कांड्या भरायला बायका येतात, पण मागावर उभं राहायला कोण नाही. आत हातमाग शिकून आलेला एक जण मध्यंतरी आला होता. हातमाग आणि पॉवरलूम वेगळं, खरं आहे. पण तुटलेला धागा त्याला चटकन दिसायचा आणि बोटं सांधणीला बसलेली होती. पंधरा दिवसांत तयार झाला. पुढं इचलकरंजीला पैसे जास्त म्हणून गेला तो. जाणारच.

---

बाई_निवृत्त
४ जून, सायंकाळी ६:४८

मी मराठी शाळेतून निवृत्त झाले. एका संस्थेबरोबर काही वर्षं बंदिजनांना अक्षरओळख शिकवायला जात होते. कुठल्या तुरुंगात ते राहू दे.

आपल्या भागातल्या पुरुषांचं एक वैशिष्ट्य दिसलं. मराठी वाचता येणारे बरेच, पण कानडी बोलता येतं आणि वाचता येत नाही असे फार. बसची पाटी विचारून चढायचं, अर्जावर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. साठीतले एक आजोबा होते, खानापूर भागातलेच. पहिली ते चौथी मराठीत झालेले. त्यांनी माझ्याकडं मराठी नको म्हणून सांगितलं. "बाई, ते येतंय. मला ते गोल अक्षर शिकवा, माझ्या केसचा कागद मला वाचायचाय." मलाच धड येत नव्हतं! मी शेजारच्या कानडी बाईंकडून शिकून जायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शिकवायची. सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या खटल्याच्या कागदावरचं स्वतःचं नाव वाचलं. चुकीचं लिहिलेलं निघालं.

चव्हाट_गल्लीकर, दादांना कानडी वाचता येतं का? येत असेल तर ती मोठी जमेची बाजू समजा.

---

सीमावासी_१
४ जून, सायंकाळी ७:०२

म्हणजे आता तुरुंगातून पण सक्तीच का? मराठी माणसाला मराठीत कागद मिळायला पाहिजे, हा हक्क आहे आपला. तो सोडून...

---

हुक्केरी_एक्सप्रेस
४ जून, सायंकाळी ७:०९

झालं सुरू. ह्या धाग्यात तरी नको ना.

---

संपादक
४ जून, सायंकाळी ७:४०

पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, आठ वर्षं चालू आहे, तिथं जा.

---

चव्हाट_गल्लीकर (धागाकर्ता)
४ जून, रात्री ९:१५

बाई, येतं! मला माहीतच नव्हतं, तुमचा प्रतिसाद वाचून आज विचारलं. आत शिकला म्हणे. काल खानापूर स्टँडवर त्यानं मला बस दाखवली तेव्हा मला वाटलं, नंबर बघून सांगतोय.

उद्यमबागी, सहा वाजताचं वाचून अंगावर काटा आला. आत्या म्हणत होती, तिन्हीसांजेला हा गोठ्यात जाऊन बसतो, म्हशी मोजतो. दोनच म्हशी आहेत.

---

पाटील_वाडा
५ जून, सकाळी ११:२०

मी बाजूला बसून सगळं वाचत होतो. लिहू नये असं वाटलं, पण लिहितो.

आमच्या घरातला माणूस असाच गेला. बांध नव्हता, वाट होती, एवढाच फरक. मारणारा सुटून आला. त्याला आत मजुरी मिळाली, कर्नाटकात आता दिवसाला पाचशेच्या वर दर केलेत म्हणे. माझ्या भावाचा मुलगा बारावीनंतर शिकला नाही, कारण पैसे नव्हते. त्याला कुठल्या योजनेत बसवता? सुटून आलेल्यानं काम करू नये असं मी म्हणत नाही. रिकामा बसलेला समोर दिसला तर जास्त त्रास होतो, हे खरं सांगतो. पण धागा याच बाजूचा का निघतो?

---

कोर्ट_आवारातून
५ जून, दुपारी १२:०५

पाटील_वाडा, उत्तर म्हणून नाही, माहिती म्हणून. १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं कैद्याला रास्त मजुरी द्या म्हटलं, तेव्हाच त्यातला काही भाग पीडिताच्या घरच्यांसाठी बाजूला काढायला हवा, असंही म्हटलं होतं. शिवाय पीडित भरपाई योजना आहे. पूर्वी फौजदारी संहितेचं ३५७-अ, आता नव्या संहितेचं ३९६. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. मुदतीचा प्रश्न येईल, पण उशीर माफ करून घेता येतो का, ते विचारायला खर्च नाही. मला निरोप पाठवा, अर्ज मी लिहून देईन.

---

पाटील_वाडा
५ जून, दुपारी १२:३१

पाठवला.

---

सनमायका_बॉस
५ जून, रात्री ८:३०

फर्निचरच्या धंद्यात आहे, म्हणून दादांच्या हाताबद्दल स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

बाक-टेबल-कपाट येणं म्हणजे घन लाकडाचं काम येणं. करवत, रंधा, पटाशी, साल-कूस (लाकडात लाकूड बसवायचा सांधा). हे आज शंभरातल्या पाच गिऱ्हाईकांना लागतं. बाकीच्यांना मॉड्युलर किचन पाहिजे. प्लाय, लॅमिनेट, एज बँडिंग, टेलिस्कोपिक चॅनेल, सॉफ्ट क्लोज बिजागरी. तिथं पटाशी पेटीतच राहते. मापात दोन मिलिमीटर चुकलं की ड्रॉवर अडकतो आणि अख्खा बॉक्स वाया. लाकडात रंधा मारून निभावता येतं, प्लायला रंधा नाही.

पण उलटं बघा. घन लाकूड येणाऱ्याला प्लाय शिकायला महिना-दीड महिना लागतो. प्लायवाल्या पोरांना चौकटीची कूस आयुष्यात जमत नाही. जुन्या वाड्यांची दारं, देव्हारे, झोपाळे यांना माणूस मिळत नाही, मी खानापूर-नंदगडकडून शोधून आणतो. दादांना महिनाभर माझ्याकडं पाठवा. पहिले पंधरा दिवस फक्त जेवण आणि बसभाडं, नंतर रोजची मजुरी. पोलिस पडताळणी मी मागणार नाही. गिऱ्हाइकाच्या घरी फिटिंगला मात्र लगेच नेणार नाही, वर्कशॉपातच. ते पटत असेल तर या.

---

बचतगट_निपाणी
५ जून, रात्री ९:५५

कागदांचं कोणी बोललंच नाही. माझे मिस्टर सुटून आले तेव्हा काम नंतर, आधी दोन महिने कागदांतच गेले. आधारला जुना मोबाइल नंबर, तो सिम कधीच बंद झालेला, त्यामुळं कुठलाच ओटीपी येईना. आधार केंद्रात जाऊन बोटं देऊन नंबर बदलून घ्या, हे सगळ्यांत पहिलं. मग बँक. दोन वर्षं खात्यात देणं-घेणं नसलं की खातं निष्क्रिय होतं. एका शाखेत आम्हाला नवीनच खातं काढा म्हणाले. तसं करायची गरज नसते, केवायसीचे कागद पुन्हा दिले की जुनंच चालू होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. साहेबाला तसं सांगितलं, मग झालं.

सुतार आहेत तर पीएम विश्वकर्माचा, म्हणजे कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा फॉर्म भरा. १८ कामांत सुतारकाम आहे. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, हत्यारांना १५,००० चं व्हाउचर, आणि नंतर पहिलं एक लाख कर्ज ५ टक्क्यांनी. एका घरात एकालाच मिळतं, म्हणून आधी घरात कुणी भरलाय का ते बघा. सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून देतात तिथं) भरायचा, पुढं पंचायतीची शिफारस लागते. तिथं अडवतात कधी कधी. अडवलं तर आत्याबाईंना पुढं करा. आई समोर उभी राहिली की नाही म्हणायला जड जातं.

आणि गावातल्या बायका काय म्हणतात तिकडं लक्ष देऊ नका म्हणावं. मी बिड्या वळत वळत चार वर्षं ऐकलंय. आता त्याच बचतगटात येतात.

---

चव्हाट_गल्लीकर (धागाकर्ता)
६ जून, सकाळी ८:००

सनमायका_बॉस, निरोप बघा. ताई, आधारचं अगदी तसंच निघालं. सिम बंद!

---

उद्यमबागी
६ जून, सकाळी ८:२०

सुतारकाम जमलं नाही तर पॅटर्न शॉप लक्षात ठेवा. कास्टिंगचा लाकडी साचा करायला घन लाकडाचाच हात लागतो. आता बरेच साचे ॲल्युमिनियम-रेझिनचे असतात, पण दुरुस्तीला जुना सुतार शोधावा लागतो.

आणि वयाच्या अटीत बसतात तोवर आरसेटीत, म्हणजे गावाकडच्या लोकांना धंदा शिकवणाऱ्या बँकांच्या संस्थेत चौकशी करून ठेवा. दक्षिण कन्नडातल्या उजिरेला १९८२ साली रुडसेटी म्हणून सुरू झालं, त्यावरनंच पुढं देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत निघालं. राहणं-जेवण फुकट. मोटार वाइंडिंग, प्लंबिंग, दुचाकी दुरुस्ती असलं शिकवतात.

---

चव्हाट_गल्लीकर (धागाकर्ता)
२१ जुलै, रात्री १०:१०

बरेच जण निरोपात विचारताहेत म्हणून लिहितो.

दादा सनमायका_बॉसकडं जातोय. पहिला आठवडा वाईट गेला. प्लाय कापायच्या मशीनचा आवाज सहन होईना, माप दोनदा चुकलं, एक शटर वाया. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मला गावाकडं सोड. मी काही बोललो नाही, सकाळी गाडी काढून दारात उभा राहिलो. आला.

बँकेचं झालं. विश्वकर्माचा फॉर्म पंचायतीत आहे, अध्यक्ष "बघू" म्हणालेत. आत्या गुरुवारी जाणार आहे.

पाटील_वाडा, तुमच्या प्रतिसादानंतर मी दादाला विचारलं, त्या घरचं काय? त्यानं बराच वेळ पटाशीला धार लावली. मग म्हणाला, त्यांचा धाकटा आता दहावीला असेल. पुढं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

---

पाटील_वाडा
२२ जुलै, सकाळी ६:५०

वाचलं. आमचा अर्ज दाखल झाला. पुढची तारीख सप्टेंबरात.

---

सनमायका_बॉस
२२ जुलै, दुपारी १:४०

एक राहिलं सांगायचं. माझ्या वर्कशॉपात हत्यारं कधीच जागेवर नसतात. पाने, ड्रिलचे बिट, सगळं लाकडाच्या भुशात. हा माणूस आल्यापासून रोज साडेपाचला सगळ्यांची हत्यारं गोळा करतो, फळीवर ओळीनं लावतो, मोजतो आणि माझ्यासमोर येऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी मला कळेना, काय पाहिजे याला. म्हणाला, "चौतीस आहेत, बघून घ्या." आत असताना पटाशी कमी भरली तर बरॅक उघडत नसे म्हणे.

मी म्हटलं, अरे इथं नाही मोजायला लागत. दुसऱ्या दिवशी परत आला. "चौतीस."

काल तेहेतीस भरली. पोरं भुशात शोधत होती साडेसहापर्यंत. सहा कधी वाजून गेले, ते त्याला कळलंही नाही.